आठ महिने, दोन बॅगा आणि स्टुटगार्टच्या पायऱ्या

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पुण्याहून निघाले आणि सप्टेंबरच्या शेवटी परत आले. काम जर्मनीत, स्टुटगार्टला. कंपनीने पाठवलं होतं, पण राहायची खोली आपली आपण शोधायची होती. निघण्याआधी बॅगांवर मी तीन आठवडे घालवले, दुकानं पालथी घातली, घरच्यांचं डोकं खाल्लं. बॅग आणल्या आणल्या हे लिहिलं असतं तर पाचपैकी पाच तारे दिले असते. आज आठ महिन्यांनी लिहितेय, म्हणून उपयोगी पडेल.

आधी कोणत्या बॅगा ते सांगते. एक मोठी, कडक कवचाची, पॉलीप्रॉपिलीनची, ७६ सेंटीमीटर उंच, चार जोडचाकांची, रिकामी ४.७ किलो. ही नवी घेतली. दुसरी दादाची जुनी, मऊ पॉलिएस्टरची, ६६ सेंटीमीटर, दोनच चाकांची, रिकामी ३.१ किलो. शिवाय पाठीवरची सॅक. ब्रँडची नावं मुद्दाम देत नाही. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांत चाकं, हँडल आणि चेन पूर्ण वेगळी असू शकतात, त्यामुळे नाव वाचून तुम्हाला फारसं काही कळणार नाही.

मी मूळची नाशिकची. व्हीआयपी आणि सॅमसोनाइट या दोघांचेही कारखाने नाशिक भागात असल्यामुळे बॅगा बनवणारी माणसं आमच्या ओळखीपाळखीत आहेतच. माझा मामा अशाच एका कारखान्यात बरीच वर्षं मोल्डिंगवर होता. त्याला फोन केला तेव्हा त्याने रंग, आकार, किंमत काहीच विचारलं नाही. म्हणाला, "आधी बॅग उलटी कर. चाक स्क्रूने बसवलंय की रिव्हेट मारलाय ते बघ. स्क्रू असेल तर उद्या चाक बदलता येईल. आणि चाक बॅगेच्या बाहेर लोंबतंय की अंगात बसलंय, तेही बघ." प्लास्टिकचं गणितही त्यानेच समजावलं. एबीएस स्वस्त असतं, पण आपटलं की तडकतं. पॉलीकार्बोनेट वाकतं आणि पुन्हा मूळ आकारात येतं. पॉलीप्रॉपिलीन हलकं आणि चिवट, थंडीत मात्र त्यातलं हलक्या प्रतीचं कडक पडतं. हे सगळं वहीत लिहून घेतलं. मग दुकानात गेले, गुळगुळीत फरशीवर ती चार चाकांची बॅग एका बोटाने ढकलली, ती सरकत गेली आणि मी घेऊन टाकली. बॅग उलटी केलीच नाही.

तिकिटावर २३ किलोचे दोन नग आणि केबिनमध्ये ८ किलो होतं. लांबी, रुंदी, उंची मिळून १५८ सेंटीमीटरची मर्यादा बहुतेक विमान कंपन्या पाळतात. बाजारातल्या काही 'एक्स्ट्रा लार्ज' बॅगा चाकं धरून मोजल्या तर त्यापुढे जातात, म्हणून घरून टेप घेऊनच जा. रिकाम्या वजनाकडे तर नक्कीच बघा. ४.७ किलोची बॅग म्हणजे २३ मधला पाचवा हिस्सा भरण्याआधीच संपला. हवा काढायच्या व्हॅक्यूम पिशव्यांनी माझी चांगलीच फसगत केली. त्यांनी जागा वाचते, वजन तेवढंच राहतं. जागा आहे म्हणून भरत गेले आणि आदल्या रात्री काट्याला लटकवली तेव्हा बॅग २७ किलो. चार किलो काय काढायचं यावर रात्री एक वाजता आई आणि मी भांडलो. हातात धरायचा डिजिटल काटा चारपाचशे रुपयांत मिळतो. या सगळ्या खरेदीत पैसे पुरेपूर वसूल झाले ते याच वस्तूचे.

आखातातल्या एका विमानतळावर विमान बदलून फ्रँकफर्टला उतरले. पट्ट्यावर मोठी बॅग आली, मऊ बॅग आलीच नाही. बाहेर शून्याच्या आसपास तापमान, आणि सगळे थर्मल, लोकरी मोजे, बूट त्या न आलेल्या बॅगेत. सोय म्हणून मी 'थंडीचं सगळं एकाच ठिकाणी' ठेवलं होतं. ही चूक पुन्हा करणार नाही. आता प्रत्येक प्रकारची वस्तू दोन्ही बॅगांत निम्मी-निम्मी भरते आणि दोन दिवसांचे कपडे, औषधं, चष्म्याची दुसरी जोडी, मूळ कागदपत्रं पाठीवरच्या सॅकमध्ये ठेवते.

बॅग आली नाही तर विमानतळाच्या बाहेर पडण्याआधी सामानाच्या खिडकीवर तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक घ्या, एवढं मात्र मला माहीत होतं. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासातल्या भरपाईचे नियम ठरवणारा माँट्रियल करार भारतालाही लागू आहे. सामान खराब होऊन आलं तर ७ दिवसांत आणि उशिरा आलं तर ताब्यात मिळाल्यापासून २१ दिवसांत लेखी तक्रार करावी लागते. भरपाईची कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून माणशी १,५१९ एसडीआर आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. मी त्या दोन दिवसांत थर्मल आणि मोजे विकत घेतले, बिलं जपून ठेवली. बॅग तिसऱ्या दिवशी घरी आली, पैसे दीड महिन्याने मिळाले. बिलं नसती तर तेही मिळाले नसते.

आता मुख्य गोष्ट. विमानतळावर कोणतीही बॅग चांगलीच चालते. फरशी गुळगुळीत, ट्रॉली हाताशी, लिफ्ट जागोजागी. बॅगेची खरी परीक्षा त्यानंतरच्या शेवटच्या किलोमीटरला होते, आणि स्टुटगार्टइतकी कडक परीक्षा घेणारं शहर मी तरी दुसरं पाहिलेलं नाही. शहर वाटीसारख्या खोलगट भागात वसलंय, चारही बाजूंना चढ. या उतारांवर पूर्वी द्राक्षमळे होते, आजही शहरात थोडे आहेत. मळ्यांत जायला बांधलेल्या दगडी पायऱ्यांच्या वाटा तिथे अजून रोजच्या वापरात आहेत. तिथली माणसं त्यांना 'श्टेफेले' म्हणतात आणि अशा वाटा चारशेहून अधिक आहेत. त्यात मुख्य रेल्वे स्थानकाचं बांधकाम २०१० पासून चालू, त्यामुळे फलाटावरून शहराकडे यायलाच लांबचा वळसा. ट्रामच्या थांब्यापासून माझ्या खोलीपर्यंत एक श्टेफेले, पुढे फरसबंदी गल्ली आणि शेवटी जुन्या इमारतीचा तिसरा मजला. लिफ्ट नाही.

पहिल्या दिवशी मऊ बॅग आली नाही हे माझं नशीबच म्हणायचं. २३ किलोची ती कडक बॅग पायऱ्यांवर चढवताना कळलं की तिला खालच्या बाजूला पकडायला मूठच नाही. वरून धरली की पायावर आपटते, आडवी धरली की हातातून निसटते. चार चाकांमुळे उतारावर सोडली की आपली आपण पळते. दर सात-आठ पायऱ्यांवर थांबत वर पोचले तेव्हा बोटं सुन्न झाली होती. दोन दिवसांनी मऊ बॅग तिसऱ्या मजल्यावर नेली तेव्हा फरक लगेच जाणवला. तिच्या बुडाशी एक साधी कापडी मूठ शिवलेली आहे. एक हात वर, एक खाली, आणि बॅग पोटाशी धरून चढता येतं. दुकानात त्या मुठीकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

मे महिन्यात दोन आठवड्यांसाठी ट्युबिंगेनला जायचं होतं. जुन्या गावात सगळीकडे दगडी फरसबंदी. स्थानकापासून हॉटेलपर्यंत मोठी बॅग ओढत नेली. पोचले तेव्हा दोन चाकांवरचं रबर सुटलं होतं आणि एका चाकाचा दांडा वाकला होता. साडेतीन महिन्यांत! बॅग उलटी केली. रिव्हेट. मामाला फोटो पाठवला, त्यावर त्याने एक शब्दही लिहिला नाही, फक्त फोन करून जेवलीस का विचारलं. वॉरंटी होती, पण फक्त भारतातल्या सेवाकेंद्रांपुरती. हे कार्डाच्या मागच्या बाजूला छापलेलं होतं आणि मी वाचलं नव्हतं. परदेशी जायचं असेल तर 'आंतरराष्ट्रीय वॉरंटी' हे शब्द शोधा आणि बिलाचा फोटो फोनमध्ये ठेवा. दादाच्या बॅगेची मोठी, अंगात बसलेली दोन चाकं त्याच दगडांवरून आठ महिने फिरली. तिला काही झालं नाही. चार चाकं आवाजही फार करतात. तिथे रात्री १० ते सकाळी ६ शांततेची वेळ पाळतात. पहाटेची गाडी पकडायला गल्लीतून खडखडाट करत जाणं मला जमेना, मी बॅग उचलूनच न्यायचे.

चेनबद्दल एकच सांगते. मऊ असो वा कडक, साध्या कॉइल चेनच्या दातांत बॉलपेनचं टोक खुपसलं की ती उघडते आणि रनर फिरवला की पुन्हा बंदही होते, कुलूप तसंच राहतं. म्हणून मोलाची वस्तू चेक-इनमध्ये नको. पॉवर बँकही तिथे चालत नाही, ती केबिनमध्येच आणि १०० वॉट-अवरच्या आत. २०,००० एमएएचची साधारण ७४ भरते.

आत काय भरलं, त्याबद्दल. आईने जुन्या सुती साड्यांच्या नाडीच्या पिशव्या शिवून दिल्या होत्या: सात लहान, दोन मोठ्या. विकतच्या पॅकिंग क्यूबपेक्षा हलक्या, धुता येतात, आणि कुठल्या पिशवीत काय ते साडीच्या काठावरून कळतं. आठ महिन्यांत एकही उसवली नाही. परक्या खोलीत कपाट उघडल्यावर आईच्या साड्यांचे काठ दिसायचे, याचं मोल मी कशात मोजू?

स्टीलचा तीन लिटरचा कुकर नेला आणि तो आठवड्यातून पाच दिवस वापरला. घेताना तळ इंडक्शनवर चालणारा आहे का ते बघा. तिथल्या काही स्वयंपाकघरांत साधी काचेची शेगडी असते, काहींत इंडक्शन, आणि साधा अॅल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापतच नाही. सोबत दोन जादा रिंगा ठेवा. वजन जवळपास काही नाही, पण तिथे त्याच मापाची रिंग शोधायला गेलात तर हाल होतात. गोडा मसाला, मेतकूट, भाजणी आणि हिंग यांना पर्याय नाही. हिंग डबीत, डबी पिशवीत, पिशवी आणखी एका डब्यात. तांदूळ-डाळ मात्र मी उगीच तीन किलो नेली. लाल मसूर कुठल्याही सुपरमार्केटात मिळते, तूरडाळ भारतीय दुकानात, कोथिंबीर आणि भेंडी तुर्की दुकानांत.

एक गोष्ट घरच्या मोठ्या माणसांना आधीच समजावून सांगा. युरोपीय संघात बाहेरच्या देशांतून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत. म्हणजे साजूक तूप, पेढे, बर्फी, सगळं बाद. ताजा कढीपत्ताही नाही. आणि खोबऱ्याच्या वाट्या विमानातच चालत नाहीत, कारण सुकं खोबरं आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या पदार्थांत मोडतं. आजीने कढवून दिलेली तुपाची बरणी मी निघताना घरी ठेवली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. दोन दिवस आधी सांगितलं असतं तर तिने कढवलंच नसतं.

लॅपटॉपच्या चार्जरसाठी कन्व्हर्टर घेऊ नका. भिंतीत जाणारी वायर चार्जरपासून सुटी होते, तेवढी युरोपीय पिनची वायर तिथे थोड्या युरोत मिळते आणि तिला अर्थिंगही असतं. स्वस्त कन्व्हर्टरमध्ये ते बऱ्याचदा नसतं.

कपडे मी दुप्पट नेले होते. धुलाई यंत्र तळघरात होतं, आठवड्यातून एकदा पाळी यायची, तेव्हा आठ-नऊ दिवसांचे कपडे पुष्कळ झाले. तीन जीन्सपैकी एक वापरली. जाड जॅकेट तिथे फेब्रुवारीच्या सेलमध्ये इथल्यापेक्षा चांगलं मिळालं. साडी मात्र एक न्याच. ऑगस्टअखेर एका सहकाऱ्याच्या घरी गणपती बसले, आम्ही अकरा जण जमलो, उकडीचे मोदक त्याच माझ्या कुकरमध्ये शिट्टी काढून वाफवले.

परतताना कुकर, उरलेले मसाले आणि जादा रिंग माझ्या जागी आलेल्या मुलीकडे दिली. मोठी बॅग रविवार पेठेतल्या दुरुस्तीवाल्याकडे नेली. त्याने रिव्हेट कापून स्क्रूची चाकं बसवली, चारींचे मिळून अकराशे रुपये घेतले. ती आता नाशिकच्या फेऱ्यांना ठेवलीय.

जानेवारीत पुन्हा निघायचंय, सहा महिन्यांसाठी. या वेळी एकच चेक-इन बॅग नेणार: मऊ, दोन चाकांची, बुडाशी मूठ असलेली. दुकानातच उलटी करून बघितली, स्क्रू आहेत. गेल्या रविवारी तिच्यात वीस किलो तांदूळ भरले, सोसायटीसमोरच्या पेव्हर ब्लॉकवरून दोन चकरा मारल्या आणि पाठीवर सॅक घेऊन जिन्याने तिसऱ्या मजल्यापर्यंत गेले. वहिनी खाली घड्याळ लावून उभी होती. न थांबता, एका फेरीत, दोन मिनिटं दहा सेकंद. तांदूळ डब्यात ओतले आणि बॅग दाराशी ठेवली.