घरामागचा चर आणि खडी-पाईपचं काम : काम एक नंबर, वेळेच्या नावाने बोंब

आमचं घर लांज्याकडे, चिऱ्याचं, मागे डोंगर कापून बसवलेलं, म्हणजे मागची जमीन आतल्या लादीपेक्षा हातभर वरच. राजापूरची गंगा (तो मधेच आपोआप उगवून गायब होणारा झरा) निदान मधे दम तरी खाते, आमची मात्र दर जुलैत मागच्या खोलीत हजर. लादीच्या सांध्यातून पाणी वर यायचं, भिंतीला कंबरेएवढी ओल, लोणा धरून गिलावा नुसत्या बोटाने पडायचा, तांदळाचं पिंप विटांवर. दोनदा आतून वॉटरप्रूफ कोटिंग मारलं, भारीतलं, दोन्ही वेळा गणपतीपर्यंत पापडासारखं फुगून सुटलं. सुटणारच, पाणी मागून ढकलतंय आणि आपण पुढून रंग लावतोय.

शेवटी भावोजींच्या ओळखीने एका कॉन्ट्रॅक्टरला बोलावलं. (नाव देत नाही, पुढे शिव्यापण घालायच्यात.) माणूस घरात यायच्या आधी मागे जाऊन उभा राहिला आणि आईला विचारलं, "काकी, पाऊस लागला की लगेच येतं काय पाणी?" आई म्हणाली, लगेच नाय रे, चार दिवस धो धो पडला की येतं, आणि पाऊस थांबला तरी आठवडाभर येतच राहतं. "मग हे पागोळीचं नाय, जमिनीतलं." जांभा पाणी पिऊन घेतो, खाली चिकणमाती लागली की ते आडवं सरकतं आणि वाटेत आमचं जोतं. इतकी वर्षं हे कोणी सांगितलंच नव्हतं, सगळे रंगाचे डबे दाखवत होते.

काम असं केलं. आधी एक खड्डा मारून पाया किती खोल आहे ते बघितलं, कारण चर पायाच्या तळाखाली गेला तर भिंतच खचायची. मग भिंतीपासून तीन फुटांवर ६० फूट चर, तळ लादीच्या खाली दीड फूट. ढाळ पाण्याच्या नळीने बघितला, ६० फुटांत ७ इंच, मी स्वतः दुसरं टोक धरून उभा होतो, बुडबुडा राहिला म्हणून दोनदा परत मापलं. चरात जिओटेक्स्टाइलचं कापड (पाणी सोडतं, माती अडवतं), त्यावर काळी धुतलेली खडी, मग ४ इंची भोकाचा पाईप, भोकं खालच्या बाजूला (मला वाटलं उलटा टाकला! पण पाणी खालून चढतं म्हणून तसाच टाकतात), वर परत खडी आणि कापड गुंडाळून बंद. मी जांभ्याचा चुरा टाकून पैसे वाचवूया म्हटलं तर ऐकलं नाही, त्याचा चिखल होतो म्हणे. पन्हळीचं पाणीपण ह्यात जोडू दिलं नाही, त्याला वेगळा पाईप. कोपऱ्यावर साफ करायला चेंबर, वहाळाकडच्या (ओढ्याकडच्या) तोंडाला जाळी, नाहीतर कुर्ल्या आत घर करतात.

आता शिव्या. मे च्या पहिल्या आठवड्यात येतो म्हणाला, उगवला २८ तारखेला. मृगाच्या पहिल्या सरीत अर्धा चर उघडा, सगळी माती खडीत. ती खडी काढून नवीन टाकली स्वतःच्या खर्चाने, हे मान्य करतो, पण आठ दिवस घरासमोर चिखल आणि जेसीबीने हापूसच्या कलमाची दोन जाड मुळं तोडली ती तोडलीच. खर्च ६२ हजार, दोन कोटिंगला मिळून गेले होते त्याच्या दुपटीपेक्षा थोडा जास्त.

ह्या आषाढात वहाळाकडे जाऊन बघितलं तर पाईपातून अंगठ्याएवढी धार, स्वच्छ, माती नाही, आणि वर पाऊस थांबून तीन दिवस झालेले. आत लादी कोरडी. भिंत अजून काळपट आहे, चिरा सुकायला एक उन्हाळा जाईल तोवर गिलावा करू नका असं त्यानेच सांगितलंय. आईने पिंप अजून विटांवरच ठेवलंय.

पाचपैकी चार. एक कापला तो चेंबरच्या झाकणाचा, सिमेंटचं करून देतो म्हणाला होता, अजून त्यावर आमची जुनी लादी ठेवलीय आणि फोन केला की "उद्या सकाळी येतो, दादा".