फर्निचरच्या दुकानासाठी ॲप: खोलीतले चित्र, वाट दाखवणारा नकाशा की लेबलचे स्कॅन?

फर्निचरच्या मोठ्या दुकानासाठी मोबाइल ॲप करून घ्यायचे ठरले, की बहुतेक वेळा तीन प्रस्ताव पुढे येतात: घरच्या खोलीत वस्तू कशी दिसेल ते कॅमेऱ्यातून दाखवणे, दुकानात वाट दाखवणारा नकाशा देणे आणि वस्तूचे लेबल स्कॅन करून सगळी माहिती समोर आणणे. तिन्ही एकदम करण्याइतका पैसा आणि माणसे फार थोड्या दुकानांकडे असतात. त्यामुळे ही तुलना एकाच कसोटीवर करणे योग्य ठरेल, आणि ती म्हणजे दुकानात सोफ्यासमोर उभ्या असलेल्या ग्राहकाचे त्या क्षणी नेमके कशामुळे अडते.

पहिला प्रस्ताव सर्वांत देखणा आहे. फर्निचर विकणाऱ्या आयकिया कंपनीने 2017 मध्ये ॲपलच्या एआरकिटचा (कॅमेऱ्यातल्या दृश्यात आभासी वस्तू बसवणाऱ्या साधनसंचाचा) वापर करून ‘प्लेस’ हे ॲप आणले आणि 2022 मध्ये ‘क्रिएटिव्ह’ आणले, ज्यात आपल्या खोलीचे स्कॅन करून तिथले जुने सामान चित्रातून पुसताही येते. घरी बसून निवड करणाऱ्याला याचा खरोखर उपयोग होतो. मात्र दुकानात सोफा डोळ्यांसमोर असतो आणि खोली घरी राहिलेली असते, त्यामुळे ग्राहकाने आधीच खोली स्कॅन करून आणली नसेल, तर हे साधन तिथे निरुपयोगी ठरते. शिवाय प्रत्येक वस्तूचे त्रिमितीय मॉडेल बनवावे लागते, जुन्या अँड्रॉइड फोनवर ही सोय चालेलच असे नसते, आणि आपल्याकडच्या चकचकीत टाइल्स व एकरंगी भिंती यांच्यावर कॅमेऱ्याला पृष्ठभाग ओळखणे अवघड जाते.

नकाशाचा प्रस्ताव दुकानाच्या आकारावर अवलंबून आहे. इमारतीत जीपीएस भरवशाचे राहत नाही, म्हणून ब्लूटूथ बीकन, म्हणजे फोनला जागा कळावी म्हणून सतत संदेश सोडणारी छोटी यंत्रे, लावावी लागतात किंवा अँड्रॉइड 9 पासून आलेली, वायफायच्या संदेशाला लागणाऱ्या वेळेवरून अंतर मोजण्याची पद्धत वापरावी लागते. तिने परिस्थिती अनुकूल असेल तर एक-दोन मीटरपर्यंत जागा कळते. बीकनच्या बॅटऱ्या बदलणे आणि दुकानाची मांडणी हलली की नकाशा सुधारणे हे काम मात्र कायमचे मागे लागते. नवी मुंबईत तुर्भ्याला आयकियाचे जे दुकान डिसेंबर 2020 मध्ये सुरू झाले, तेवढ्या पसाऱ्यात नकाशाला अर्थ आहे. दोन मजल्यांच्या शोरूममध्ये ठळक पाट्या आणि जागेवर असलेला विक्रेता पुरेसा होतो.

माझा कौल तिसऱ्या प्रस्तावाला आहे, पण एका अटीवर: स्कॅन केल्यावर किंमत आणि रंग एवढेच दाखवून थांबता कामा नये. किंमत लेबलवर छापलेली असतेच. ग्राहकाचे अडते ते मापापाशी. दुकानाचे छत उंच आणि जागा ऐसपैस असल्यामुळे तिथे प्रत्येक वस्तू लहान भासते; त्यातच लेबलवर सेंटिमीटर असतात आणि घरातली माणसे बोलतात फूट-इंचांत. म्हणून ॲपमध्ये ‘माझे घर’ असा एक भाग असावा, ज्यात भिंतीची लांबी, माळ्याखालची उंची, मुख्य दाराची रुंदी, जिन्याचे वळण आणि लिफ्टची आतली मापे एकदाच नोंदवून ठेवता येतील, आणि स्कॅन होताच वस्तू मावेल की नाही, नसेल तर कुठे अडेल, हे दोन्ही एककांत सांगितले जाईल.

हे गणित किती बारीक असते, ते एका कपाटावरून स्पष्ट होईल. आयकियाच्या ‘पॅक्स’ कपाटाचा उंच सांगाडा 236 सेंटिमीटर उंच आणि 58 सेंटिमीटर खोल असतो. फॉल्स सीलिंग आठ फुटांवर, म्हणजे सुमारे 244 सेंटिमीटरवर असेल, तर उंची बघून कोणीही निर्धास्त होईल. परंतु सांगाडा जमिनीवर आडवा ठेवून जोडला आणि मग उभा केला, तर उभा होताना त्याचा कर्ण आडवा येतो आणि तो सुमारे 243 सेंटिमीटर भरतो, म्हणजे जेमतेम एक सेंटिमीटर मोकळा राहतो आणि छतावर दिवा किंवा पंखा असेल तर तोही उरत नाही. असा इशारा पैसे भरण्याआधी देणारे ॲप ग्राहकाचा मनस्ताप वाचवते आणि दुकानाची परतफेडही टाळते. त्रिमितीय चित्रात ही अडचण दिसत नाही, कारण चित्रात कपाट आधीपासूनच उभे असते.

स्कॅनची दुसरी बाजू साठ्याची आहे. निवडलेल्या वस्तूंची यादी गोदामातल्या ओळीच्या आणि जागेच्या क्रमांकानुसार लावून द्यावी आणि एकाच कपाटाची खोकी किती आहेत तेही सांगावे, कारण एखादे खोके मागे राहिले की जोडणी अडून बसते. साठ्याचे आकडे रात्री एकदाच अद्ययावत होत असतील, तर ‘काल रात्रीची स्थिती’ असे स्पष्ट लिहावे. शिल्लक दाखवलेली वस्तू जागेवर सापडली नाही, की ग्राहक ॲपच्या इतर माहितीवरही विश्वास ठेवत नाही. तळघरातल्या दालनात नेटवर्क मिळत नाही, हे लक्षात घेऊन मापे आणि किमती फोनमध्येच उतरवून ठेवाव्यात. घराची मापेही फोनमध्येच राहावीत, आणि ती विक्रेत्याला दाखवायची की नाही हे ग्राहकाने ठरवावे.

ज्यांच्या साठ्याची नोंद अजून वहीत किंवा एक्सेलमध्ये आहे, त्यांनी साठ्याचा भाग तूर्त बाजूला ठेवून मापांपासून सुरुवात करावी, कारण त्यासाठी फक्त प्रत्येक वस्तूची अचूक लांबी, रुंदी, उंची आणि खोक्याचे माप लागते, आणि ते काम दुकानातली दोन माणसे टेप घेऊन करू शकतात.