माळा की जमिनीवरचा आडोसा?

शिकारीला १९७२च्या कायद्याने बंदी आहे, त्यामुळे आपण बसतो ते काळवीट, लांडगे बघायलाच. पण उंचीची भीती असेल तर कुठे बसावं, झाडावर बांधलेल्या फळ्यांच्या माळ्यावर की जमिनीवरच्या आडोशात?

सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावर माझं मत सरळ आडोशाला. गवत ठेंगणं, झाडं विरळ, बसूनही नजर लांब जाते. फक्त वारा आपल्याकडून कळपाकडे नको.

मालदांडी ज्वारीच्या उभ्या पिकात मात्र आडोसा कुचकामी, समोर नुसती ताटं दिसतात. तिथे बांधावरच्या कडुलिंबावरचा माळाच हवा. मला शिडी चढताना काही वाटत नाही. शिडीवरून फळीवर पाय टाकताना तळहात ओले होतात, गुडघे लटपटतात. त्या क्षणी धीर देतो तो खांद्यांना-मांड्यांना आवळलेला पूर्ण हार्नेस, जमिनीवर असतानाच झाडाच्या दोराला अडकवलेला. कमरेला नुसता दोर बांधू नका हो, पडलात तर पोटालाच आवळेल. पहिल्या दिवशी तीनच पायऱ्या चढा. छातीतली धडधड शांत होईपर्यंत तिथेच थांबा, मगच उतरा. घाबरून लगेच उतरलं की भीती आणखी घट्ट बसते.

झोप झाली नसेल, चक्कर येत असेल, त्या दिवशी मालदांडीतही खालीच बसा.