दुभत्याच्या कपाटाला चॉक पेंट : अर्ध्या लिटरच्या डब्याचा अनुभव

आमच्या घरातले दुभत्याचे कपाट आजीच्या संसाराइतकेच जुने आहे. सागवानी चौकट, तिन्ही बाजूंना बारीक जाळी, आत दोन फळ्या आणि मुंग्या वर चढू नयेत म्हणून चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या, असा त्याचा थाट होता. फ्रिज आल्यावर त्यातले दूध-दही गेले, मग त्यात रिकाम्या बरण्या आल्या, आणि शेवटची सहा-सात वर्षे ते पुण्यातल्या आमच्या बाल्कनीत उन्हापावसात उभे होते. वरचा पिस्त्याच्या रंगाचा ऑइलपेंट पोपडे धरून सुटत होता, त्याखाली करडा, आणि त्याच्याही खाली लाकडाला चिकटून बसलेला गडद हिरवा. भंगारवाल्याने त्याचे चारशे रुपये सांगितले, तेव्हा आईने ‘असू दे’ एवढेच म्हटले आणि मी चॉक पेंटचा डबा मागवला. त्या डब्याचे हे परीक्षण आहे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण माझी तक्रार एका डब्यापेक्षा या प्रकारच्या बहुतेक डब्यांवर छापल्या जाणाऱ्या दाव्याबद्दल आहे.

चॉक पेंट या नावात खडू असला, तरी हा फळ्यावर खडूने लिहिता यावे म्हणून फळ्याला देतात तो रंग नव्हे. ॲनी स्लोन या ब्रिटिश चित्रकर्तीने १९९० मध्ये लाकडी सामानासाठी हा रंग तयार केला आणि वाळल्यावर येणाऱ्या खडूसारख्या निस्तेज, मऊ पोतावरून त्याचे नाव पडले. आता आपल्याकडेही अनेक लहान-मोठ्या कंपन्या याच धर्तीचे रंग विकतात. रंग पाण्यात मिसळणारा आहे, टर्पेंटाइनची गरज नाही, वास जवळजवळ नाही आणि ब्रश नळाखाली धुऊन निघतो. या चारही गोष्टी खऱ्या आहेत. बंद फ्लॅटमध्ये काम करणाऱ्याला त्यांचे मोल ऑइलपेंटच्या वासाने डोके धरल्यावर कळते.

मात्र डब्यावरचे मुख्य वाक्य वेगळेच असते : घासण्याची गरज नाही, अस्तराची (रंगाआधी द्यायच्या प्रायमरची) गरज नाही, कोणत्याही पृष्ठभागावर चालतो. हे अर्धे खरे आहे. रंग चिकटतो, यात शंका नाही. त्यात खनिज भुकटीचे प्रमाण भरपूर असल्यामुळे तो दाट असतो आणि गुळगुळीत पृष्ठभागावरही पकड घेतो. पण तो ज्याला चिकटतो, तेच जर सुटत असेल, तर रंगाने काय करावे? पोपडे धरलेल्या ऑइलपेंटवर मारलेला चॉक पेंट त्या पोपड्याला घट्ट धरून राहतो आणि त्याच्यासकट खाली पडतो. मी कपाटाच्या मागच्या फळीवर हा प्रयोग करून पाहिला आणि चौथ्या दिवशी नखाने अख्खा तुकडा निघून आला.

म्हणून घासणे आलेच, आणि येथे डब्यावर एक शब्दही नसलेली गोष्ट सांगणे भाग आहे. जुन्या ऑइलपेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या, हिरव्या आणि लाल छटांमध्ये, शिसे असण्याची दाट शक्यता असते. भारतात घरगुती रंगांतील शिशावर दशलक्ष भागांत ९० भाग अशी मर्यादा घालणारा नियम २०१६ मध्ये निघाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला; त्याआधीच्या रंगांबद्दल सावध राहिलेले बरे. असा रंग कोरडा घासला, की त्याची धूळ घरभर उडते आणि लहान मुले असलेल्या घरात ती फार वाईट. मी पाण्यात भिजवायचा काळा पॉलिश पेपर वापरला, खाली जुनी चादर अंथरली, तोंडाला मास्क लावला आणि निघालेला चिखल कागदात गुंडाळून टाकला. आधी जाडसर १२० नंबर, मग बारीक २२०. रंग पूर्णपणे काढण्याचा हट्ट धरला नाही; सुटत होता तेवढा काढला, कडा सपाट केल्या, खिळ्यांची भोके लांबीने, म्हणजे पुट्टीने, भरली आणि लाकूड दोन दिवस वाळू दिले. गंजलेली जाळी काढून टाकली. या सगळ्याला एक शनिवार-रविवार आणि पुढचा आणखी एक रविवार लागला, तर ‘एका दुपारी कायापालट’ म्हणणाऱ्या जाहिरातीतली दुपार कोणाची असते, हे मला अजून कळलेले नाही.

पहिला हात मारताना मात्र मी त्या रंगाच्या प्रेमात पडले. छटेचे इंग्रजी नाव काहीही असो, तिला आपण ताकाचा रंग म्हणू. ब्रशमागे रंग एकसंध बसत होता, ओघळ नाही, अर्ध्या-पाऊण तासात हाताला कोरडा, आणि कपाट एकदम उजळ दिसू लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर पुढच्या चौकटीवर चहा सांडल्यासारखे पिवळसर तपकिरी डाग. पुसले, जाईनात. दुसरा हात मारला. संध्याकाळपर्यंत ते पुन्हा वर आले, थोडे फिकट, पण त्याच जागी.

डाग नीट पाहिल्यावर त्यांचा नकाशा लक्षात आला. जेथे जुना ऑइलपेंट शिल्लक होता, तेथे एकही डाग नव्हता. जेथे मी घासून लाकूड उघडे केले होते, तेथेच ते होते, आणि गाठीपाशी सर्वांत गडद. सागाच्या अंगात नैसर्गिक तेल आणि रंगद्रव्ये असतात. पाण्याचा रंग लागला, की ती ओलाव्याबरोबर वर येतात आणि फिकट छटेवर उमटतात. रंगाचे कितीही हात मारले तरी हा प्रकार थांबत नाही. त्यावर उपाय आहे तो आपल्याच देशातला आणि फार जुना : चपडा, म्हणजे लाखेचे पातळ पापुद्रे.

चपडा मला रविवार पेठेत बोहरी आळीत मिळाला. काकवीच्या रंगाचे, हाताला काचेसारखे लागणारे ते तुकडे अर्ध्या लिटर स्पिरिटमध्ये साठ ग्रॅम या प्रमाणात बरणीत रात्रभर भिजत ठेवले. सकाळी बरणीच्या तळाशी दुधट गाळ बसला होता आणि वर मधासारखा स्वच्छ द्रव होता. गाळात लाखेतले मेण असते आणि ते वरच्या रंगाची पकड बिघडवते, म्हणून बरणी न हलवता वरचा द्रव तेवढा ओतून घेतला. मलमलीच्या बोळ्याने त्याचे दोन पातळ हात चौकटीवर दिले. स्पिरिट उडून जाते, त्यामुळे दोन हातांमध्ये जेमतेम तास लागला. त्यावर चॉक पेंट पुन्हा मारला आणि आज चार महिने झाले, एकही डाग वर आलेला नाही. तीनशे-साडेतीनशे रुपयांचे हे काम डब्यावर एका ओळीत सांगता आले असते. साग, शिसव आणि साल हीच लाकडे ज्या देशात घरोघरी आहेत, तेथे विकल्या जाणाऱ्या डब्यावर ती ओळ नसावी, हा या परीक्षणातला माझा पहिला मोठा आक्षेप.

दुसरा आक्षेप वरच्या थराबद्दल. चॉक पेंट वाळल्यावर सच्छिद्र राहतो. त्यावर हळदीचा हात लागला तर तो कायमचा. म्हणून वरून मेण किंवा व्हार्निश लागते, आणि ते वेगळे विकत घ्यावे लागते. कंपनीची शिफारस मेणाची होती. मेणाचा स्पर्श खरोखर सुंदर असतो, कापडाने घासल्यावर रेशमी चमक येते आणि रंगाची छटा किंचित गडद होऊन तिला खोली येते. पण ते पक्के व्हायला तीन-चार आठवडे घेते आणि मी काम केले होते ऐन जुलैमध्ये, जेव्हा पुण्यात चादरीसुद्धा वाळत नाहीत. शिवाय मधमाश्यांचे मेण साधारण ६२ ते ६४ अंशांना वितळते. आईने सवयीने चहाचे पातेले कपाटावर ठेवले आणि त्याचे वर्तुळ तेथे कोरून उमटले. मग वरच्या फळीवरचे मेण टर्पेंटाइनने पुसून काढावे लागले, कारण मेणावर व्हार्निश धरत नाही. थोडे घासून, रंगाचा एक हात देऊन, तेथे पाण्याच्या मॅट व्हार्निशचे दोन हात मारले. दारांवर आणि कडांवर मेण तसेच ठेवले आहे. स्वयंपाकघरातल्या कोणत्याही वस्तूला मी यापुढे सरळ व्हार्निशच लावीन.

सोबत आलेल्या माहितीपत्रकात रंग वाळल्यावर कोपरे घासून खालचे लाकूड दाखवण्याची कृती दिली आहे, म्हणजे वस्तू जुनी वाटते. नव्या कपाटाला म्हातारे करण्याचा हा उद्योग ज्याला करायचा त्याने करावा. आमच्या कपाटाच्या दाराची कडा आजीच्या हाताने झिजून आतल्या बाजूला गोल झाली आहे. तेथे मला काही दाखवावे लागले नाही.

आमच्या ओळखीचे एक पॉलिशवाले काका हे काम पाहून नाराज झाले. ‘ताई, साग आहे हा, सागाला कोणी रंग लावतं का?’ असे ते म्हणाले. त्यांचे म्हणणे अर्धे मला मान्य आहे. लाकडाच्या रेषा चांगल्या असतील आणि जुने पॉलिश शिल्लक असेल, तर रंगाचा डबा उघडू नये. न दिसणाऱ्या कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा टेकवून पाहावा. पृष्ठभाग चिकट झाला, तर ते लाखेचे पॉलिश आहे आणि तेच स्पिरिट नि थोडा चपडा वापरून ते पुन्हा उजळता येते. पण आमच्या कपाटावर तीन पिढ्यांचा ऑइलपेंट आधीच होता. आणि लाकूड रंगवणे हे आपल्याकडे पाप कधी होते? सावंतवाडीचे कारागीर पाट, चौरंग आणि पेट्या लाखेच्या कामाने, फुला-पानांच्या वेलबुट्टीने रंगवीत आले आहेत, आणि त्या पाटाखाली कोणते लाकूड आहे हे जेवायला बसणारा विचारत नाही.

उरलेल्या रंगातून दोन वस्तू आणखी केल्या. प्लास्टर ऑफ पॅरिसची जुनी आरशाची चौकट इतकी छान झाली, की तिच्याबद्दल सांगण्यासारखे काही नाही. सनमायकाच्या स्टुलाचे मात्र तीन आठवड्यांत हसे झाले : बसणाऱ्याच्या पॅन्टच्या बटनाने रंग ओरखडून निघाला. सनमायका २२० नंबरने घासून, पकड घेणारे अस्तर लावूनच रंगवावा, आणि शक्यतो बसण्याच्या वस्तूवर नाहीच.

हिशेब असा झाला. रंग ७८०, व्हार्निश ४२०, मेण ३९०; चपडा आणि स्पिरिट ३४०, पॉलिश पेपर आणि ब्रश ३७०. एकूण २,३०० रुपये, आणि नवी जाळी नि पितळी मुठी यांचे आणखी ९००. पॉलिशवाल्या काकांनी जुना रंग काढून पॉलिश करण्याचे साडेपाच हजार सांगितले होते, तेव्हा बचत आहे, फक्त ती तीन रविवार खर्चून मिळते. रंगाला मी पाचपैकी चार गुण देईन, कारण तो पसरतो सुरेख, झाकतो भरपूर आणि अर्ध्या लिटरमध्ये एवढे काम होऊनही डब्यात पाव भाग उरला. डब्यावरच्या मजकुराला एक. छटांच्या कार्डाला दोन, कारण त्यावरची छटा मेण लावण्याआधीची आहे आणि प्रत्यक्षात ती एक पायरी गडद होते. निवडताना एक पायरी फिकट घ्यावी. झाकण बंद करताना कडेचा रंग आधी पुसून घ्यावा, नाहीतर ते पुढच्या वेळी पटाशीनेच उघडते.

कपाट आता पुन्हा स्वयंपाकघरात, खिडकीच्या बाजूला आहे. आईने वरच्या फळीवर विरजणाचे भांडे ठेवायला सुरुवात केली आहे, आणि पायांखालच्या चार वाट्यांपैकी तीन माळ्यावर सापडल्या. चौथीच्या जागी सध्या श्रीखंडाच्या डब्याचे झाकण आहे.