मोड का बदल? इतवारीतल्या सराफाकडचा आमचा अनुभव (साडेतीन स्टार)

आईची बोरमाळ घेऊन नागपूरच्या इतवारीत सराफा ओलीत (सराफांच्या गल्लीत) गेलो होतो, त्याचा हा रिव्ह्यू. दुकानाचं नाव टाकत नाही कारण खाली तक्रारी पण आहेत आणि माणूस वाईट नाही बाप्पा.

पहिले शब्दाचं सांगतो, सगळी गंमत तिथेच आहे. सराफाच्या भाषेत मोड म्हणजे जुना दागिना देऊन पैसे घेऊन घरी जाणं, आणि बदल म्हणजे जुना देऊन नवा घेणं. मला हे दोन्ही एकच वाटायचं. आईला मात्र मोड हा शब्दच नको होता. तिच्या डोक्यात दागिना मोडणं म्हणजे घरात वाईट दिवस, दवाखाना नाहीतर कर्ज. "मोडायची नाही, बदलायची आहे" असं तिनं ऑटोत बसल्यापासून मला तीनदा बजावलं. (आमची पुण्याची मावशी दुकानात "शंभराची मोड आहे का" म्हणते तेव्हा माझ्या पोराला मटकीचे मोड आठवतात, इकडे आपण चिल्लर नाहीतर सुट्टे म्हणतो. पण बँकेतली एफडी मात्र मोडतेच, आणि लग्नही. ज्याला हात लावल्यावर काहीतरी कमी होतं त्याला मराठी माणूस मोडणं म्हणतो बहुतेक.)

तर आधी एका मोठ्या एसी शोरूममध्ये गेलो होतो. बाहेर बोर्ड, जुन्या सोन्यावर शंभर टक्के व्हॅल्यू. आत गेल्यावर कळलं की ते फक्त त्यांच्याच दुकानातून घेतलेल्या दागिन्याला. आमची बोरमाळ शुद्धता तपासायच्या मशीनखाली ठेवली, दोन मिनिटांत आकडा सांगितला आणि वर लाखेचे म्हणून सात ग्रॅम अंदाजानं उडवले. आता ती मशीन सोन्याचा वरचा थरच वाचते, आतलं काय ते तिला दिसत नाही, आणि बोरमाळेचे मणी तं आतून लाखेनं भरलेले असतात. मग अंदाज कशाचा? विचारलं तं म्हणे "मोडीत असंच असतं सर". उठून आलो.

इतवारीतल्या शेठनं पहिलाच प्रश्न विचारला, "काकू, मोड का बदल?" आई लगेच म्हणाली बदल. मग त्यानं बोरमाळ काट्यावर ठेवली, 23.450 ग्रॅम. आई खूश, कारण ती तीस वर्षं दोन तोळे दोन तोळे म्हणत आली होती आणि जुना तोळा 11.66 ग्रॅमचा, म्हणजे हिशेब बरोबर बसला. (आता बाजारात तोळा म्हणजे सरळ 10 ग्रॅम, घरातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलताना हे लक्षात ठेवा, नाहीतर भांडणं होतात.)

मग शेठ म्हणाला समोर गाळतो, बसा. हेच मला आवडलं. कारागिरानं दोरा काढला, मणी फोडून लाख काढली, भट्टीत सोनं गाळलं, छोटी लगड तयार झाली. वजन भरलं 18.100. म्हणजे आमच्या दोन तोळ्यांत अर्धा तोळा तं लाखच होती, इतकी वर्षं आम्ही तीच मिरवत होतो राजेहो. कस तपासला तेव्हा टंच, म्हणजे शुद्धता, निघाला 87 टक्के. जुनं सोनं, तेव्हा ना हॉलमार्क ना काही, टाक्यात (जोडकामात) काय गेलं कोणाला माहीत. 18.100 चे 87 टक्के म्हणजे चोख सोनं 15.747 ग्रॅम. घट (गाळताना कमी होणारं वजन) वेगळी धरली नाही. गाळल्यावर उरलं तेच वजन, त्यावर परत घट कशाची, असं तोच म्हणाला. गाळायचे दोनशे रुपये घेतले, ते ठीक आहे.

आता शब्दाची किंमत बघा. बदल म्हटल्यामुळे त्यानं त्या दिवशीचा पूर्ण भाव लावला. मोड म्हटलं असतं तं भावात दोन टक्के कापले असते, हे त्यानं स्वतः सांगितलं. पण लगेच उड्या मारू नका. बदलात नव्या दागिन्याची मजुरी लागते, आम्हाला 12 टक्के लावली, आणि त्यावर 3 टक्के जीएसटी. मला वाटलं होतं जीएसटी फक्त वरून भरायच्या पैशांवर असेल, तं नाही, नव्या दागिन्याच्या पूर्ण किमतीवर असतो. आमचं 15.747 चोख म्हणजे 22 कॅरेटचं साधारण 17 ग्रॅम, तेवढ्याचाच गोफ घेतला आणि तरी खिशातून चांगलीच रक्कम गेली. म्हणून ज्याला खरंच पैशाची गरज आहे त्यानं लाज न बाळगता मोडच म्हणावं, दोन टक्के गेले तरी परवडतं. आणि मोडीचे सगळे पैसे रोख मिळतील असं समजून जाऊ नका, आयकराच्या नियमामुळे दुकानदार दहा हजाराच्या वर रोख द्यायला बघत नाहीत, बाकी खात्यात टाकतात. पासबुक घेऊन जा.

आता तक्रारी. बसायला दोनच स्टूल, सव्वादोन तास गेले, भट्टीचा धूर सरळ गिऱ्हाइकाच्या डोळ्यात. पार्किंगच्या नावानं बोंब, गाडी घेऊन जाऊच नका, मेट्रोनं चितार ओली चौकात उतरा आणि पुढे चालत नाहीतर ई-रिक्षानं जा. मजुरी दहाला येईल का विचारलं तं शेठ नुसता हसला. आणि बिलावर हॉलमार्कचा सहा अक्षरी एचयूआयडी नंबर लिहायचा राहिला होता. 1 एप्रिल 2023 पासून त्याच्याशिवाय नवा दागिना विकताच येत नाही. गोफावर तो होता, पण बिलात मला मागून लिहून घ्यावा लागला. तिथेच हॉलमार्क तपासायच्या बीआयएस केअर ॲपवर टाकून बघितला, बरोबर निघाला. इथे अर्धा स्टार कापला. बाकी एक स्टार धूर, स्टूल आणि त्या हसण्याचा.

निघताना आईनं बोरमाळेचा तो जुना लाल दोरा मागून घेतला. शेठनं वजन न करता दिला.