पेल्टियर सीपीयू कूलर किट: जानेवारीत ५ स्टार, जूनमध्ये २

हा रिव्ह्यू मी जानेवारीतच लिहिला असता तर डोळे झाकून ५ स्टार दिले असते, बरं झालं आळस केला. फोंड्यात माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे, एसी नाही, पीसी जुना आय३-४१३० वाला. खरं सांगायचं तर मला पेल्टियरची (करंट दिला की एका बाजूने गार होणारी चकती) काहीच गरज नव्हती, साधा टॉवर कूलर आणि वर्षातून एकदा पेस्ट बदलली की झालं. पण हौस. ऑनलाइन अडीच हजारांच्या आसपास पडलं. ब्रँडचं नाव लिहीत नाही, कारण हाच माल चार-पाच नावांनी विकला जातो.

बॉक्समध्ये टीईसी१-१२७०६ ची एक चकती (१२७ म्हणजे आतल्या जोड्या, ०६ म्हणजे ६ अँपिअर), खाली सीपीयूवर बसणारी प्लेट, वर अ‍ॅल्युमिनियमचा हीटसिंक आणि पंखा, वेगळा १२ व्होल्टचा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा), आणि लाल आकडे दाखवणारा थर्मोस्टॅट बोर्ड. हा बोर्ड तोच बरं का, जो लोक अंडी उबवायच्या पेटीत लावतात. सगळी गडबड त्याच्यातच आहे पण ते पुढे सांगतो.

आधी थंड करण्याचं. चकतीला करंट दिला की एक बाजू गार, दुसरी गरम, १८३४ पासून लोकांना माहीत असलेली गोष्ट. पण उष्णता गायब होत नाही, सीपीयूची उष्णता अधिक चकती स्वतः खाते ते ६०-७० वॉट असं सगळंच वरच्या हीटसिंकला बाहेर टाकावं लागतं, आणि किटमधला हीटसिंक त्या मानाने किरकोळ आहे. नुसतं कोरल उघडून लग्नपत्रिका लावत बसलो तर प्लेट २०-२१ वर, मित्रांना बोलवून दाखवावं असं. पण व्हिडिओ रेंडर लावला की माझा सीपीयू ५० वॉटच्या आसपास जातो, आणि ही चकती जेमतेम तेवढंच ओढते, तेही दोन्ही बाजूंचं तापमान सारखं असेल तर. परिणाम असा की फुल लोडला ७४ डिग्री, जिथे जुना कूलर ६६ ला थांबायचा! म्हणजे जेव्हा गरज नाही तेव्हा गार, गरज पडली की उलट.

आता कंट्रोल. थर्मोस्टॅट रिलेवर चालतो, टिक चालू टिक बंद, दिवसभर. २० ला सेट केलं की २२ ला चालू होतो आणि २० ला बंद. बंद झाला की चकती काही नुसती गप्प बसत नाही, वरच्या तापलेल्या हीटसिंकची उष्णता तिच्यातून परत खाली यायला लागते आणि सीपीयू पटकन चढतो. पुन्हा टिक. असं सतत गरम-थंड होणं चकतीच्या आतल्या सोल्डरलाही मानवत नाही. सेन्सर प्लेटच्या कडेला चिकटवलेला, त्यामुळे आत काय चाललंय ते त्याला उशिराच कळतं.

हेही चाललं असतं. खरा प्रकार जूनमध्ये झाला.

पत्रकात लिहिलंय की हवं ते तापमान सेट करा. गोव्यात ते आपण ठरवत नाही, हवा ठरवते. मे महिन्यात फ्रिजमधून सोड्याची बाटली काढून टेबलावर ठेवली की दोन मिनिटांत खाली तळं होतं, तेच प्लेटचं होतं. जानेवारीत ३० डिग्री आणि ५० टक्के दमटपणा असेल तर पाणी धरायला १८ च्या खाली जावं लागतं, म्हणून माझं २० चं सेटिंग सुखाने चाललं. पावसात २९ डिग्री आणि ८५ टक्के झाले की तोच आकडा २६ वर येतो. आणि माझा बोर्ड आपला २० वरच अडून!

त्यात एसएमपीएस वेगळा. मी रात्री पीसी शट डाउन करून घरी गेलो, चकती चालूच राहिली. सकाळी शटर उघडलं तर रिलेची टिकटिक ऐकू येतेय, आणि सॉकेटच्या कडेने थेंब खाली उतरून ग्राफिक कार्डवर जमलेले. हेअर ड्रायर, दोन दिवस दुकान बंद, एक रॅम स्लॉट कायमचा गेला. विक्रेत्याला कळवलं तर म्हणे रिटर्नची मुदत संपली, आणि इन्सुलेशन तुम्ही करायचं असतं. बॉक्समध्ये फोमचा एक तुकडा नाही, पत्रकात एक ओळ नाही, मग मला स्वप्न पडणार होतं का?

भाचा फर्मागुडीला इंजिनिअरिंग करतोय, त्याने रविवारी बसून बोर्डच बदलला. दमटपणा मोजणारा डीएचटी२२ सेन्सर, एक आर्डुइनो नॅनो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड), आणि रिलेच्या जागी मॉसफेट (टिकटिक न करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच), पुढे कॉइल आणि कपॅसिटर म्हणजे करंट सपाट जातो. आता सेटिंग मी करत नाही, तोच हवा बघून पाणी धरायच्या आकड्याच्या ३ डिग्री वर थांबतो. करंटही ६ ऐवजी ३ वर बांधला. त्यामुळे चकतीची स्वतःची उष्णता निम्मी नाही, थेट पाव होते, हे मलाही तेव्हाच कळलं. सप्लाय पीसीच्या एसएमपीएसवर घेतला, पीसी बंद तर चकती बंद. एसीच्या तांब्याच्या पाइपवर लावतात तो काळा फोम सॉकेटभोवती कापून बसवला. रेंडरला मात्र अजून तसंच आहे, मोठं काम असलं की सरळ जुना कूलर लावतो.

दवाचा, म्हणजे पाणी धरायचा, आकडा बघून थांबायची युक्ती काही नवी नाही. इंटेलनं २०२० मध्ये आणलेल्या क्रायो कूलिंग या पेल्टियरवाल्या सीपीयू कूलरच्या तंत्रात हे होतं, आणि तेही २०२३ मध्ये बंद केलं. त्यांना परवडलं नाही ते अडीच हजारात मिळेल असं मला का वाटलं देव जाणे.

हे २ स्टार चकती आणि एसएमपीएसचे, दोन्ही खणखणीत आहेत. थर्मोस्टॅटला शून्य. चोवीस तास एसीच्या खोलीत, २४ डिग्री आणि ५५ टक्क्यांना, बसणाऱ्यांना २० वर काही त्रास होणार नाही, तिथे पाणी १४-१५ ला धरतं. पण लाईट गेली, एसी बंद पडला, खिडकी उघडली की आकडा चढायला लागतो, तेव्हा तो बोर्ड आहे तसा वापरू नका.

चवथीला चार दिवस दुकान बंद होतं. आल्यावर पहिलं काम म्हणजे प्लेटखाली बोट फिरवून बघितलं. कोरडं. बाजूला पापडाचं उघडं पाकीट राहिलं होतं, ते मात्र पार मऊ.