वीरकाव्याच्या संज्ञा: सुरुवात रसापासून, पोवाड्यापासून की भूषणापासून?

धीरोदात्त, अनुभाव, ओज, मालोपमा, चौक, झील. वीरकथा आणि वीरकाव्यं वाचताना हे शब्द शेजारी शेजारी भेटतात, पण ते एका घरचे नाहीत. काही संस्कृत काव्यशास्त्रातले, काही शाहिरांच्या तोंडचे. कोश उघडून ओळीने पाठ केले तर व्याख्या तोंडात बसते आणि समोरची ओळ मात्र ओळखू येत नाही. म्हणून आधी एकच वाट धरावी, दुसरी नंतर जोडावी. कोणती, ते संज्ञा कशासाठी हव्यात यावर ठरतं.

सेट-नेट किंवा एम.ए. मराठीची परीक्षा द्यायची असेल तर रसाच्या वाटेला पर्याय नाही. इथे संज्ञा थोड्या आहेत आणि एकमेकींत घट्ट गुंतलेल्या आहेत. वीररसाचा स्थायीभाव, म्हणजे मनात टिकून राहणारी मूळ भावना, उत्साह. ती जागवणारी कारणं म्हणजे विभाव. ज्याला जिंकायचं तो शत्रू हा आलंबन (आधार) विभाव, त्याच्या हालचाली आणि आव्हानं हे उद्दीपन (भावना चेतवणारे) विभाव. स्थैर्य, धैर्य, शौर्य, त्याग हे अनुभाव, म्हणजे भावनेच्या बाहेर दिसणाऱ्या खुणा. धृती, मती, गर्व, स्मृती हे संचारीभाव, म्हणजे मध्येच येऊन जाणाऱ्या भावना.

सर्वांत मोठी घसरण पहिल्याच पायरीवर होते. वीराचा स्थायीभाव विचारला की उत्तर येतं ‘शौर्य’. शौर्य कृतीतून दिसतं, म्हणून ते अनुभावात. उत्साह मनात असतो. दुसरा घोटाळा वीर आणि रौद्र यांचा, कारण शस्त्रं दोन्हीकडे उपसलेली असतात. रौद्राचा स्थायीभाव क्रोध. साहित्यदर्पणकार विश्वनाथाने दोघांतला फरक डोळ्यांना दिसेल असा सांगितला आहे: तोंड आणि डोळे लाल झाले की रौद्र, तो युद्धवीर नव्हे. एवढी एक खूण हाताशी ठेवली तरी बरीच उदाहरणं सुटतात. शिवाय वीर म्हणजे लढाईच असं नाही. नाट्यशास्त्रात दानवीर, धर्मवीर, युद्धवीर असे तीन प्रकार आहेत. विश्वनाथाने दयावीर धरून चार केले. कर्ण कवचकुंडलं काढून देतो तो प्रसंग रणाबाहेरचा, तरी वीराचाच.

या वाटेची मर्यादा मराठी संहिता हातात घेतली की कळते. महाकाव्याला सर्ग हवेत, नायक धीरोदात्त (धीरगंभीर आणि उदात्त) हवा, सर्गाच्या शेवटी वृत्त बदलायला हवं. ही मापं पोवाड्याला लावली की पोवाडा उगाचच अपुरा ठरतो. ओजाचंही, म्हणजे आवेश जागवणाऱ्या काव्यगुणाचंही, तसंच. शास्त्रात ओज लांब समासांतून आणि जोडाक्षरांतून येतो. मराठी बोलीला लांब समास पेलत नाहीत, तिथे तो लयीतून आणि डफाच्या थापेतून येतो.

पोवाड्याच्या वाटेने गेलं तर संज्ञा ऐकूनच शिकता येतात. आरंभी नमन, मग कथेचे चौक म्हणजे भाग, मध्ये फिरून येणारं ध्रुपद, साथीदारांनी उंच स्वरात धरलेली ‘जी जी’ची झील आणि शेवटाकडे शाहिराने गुंफलेलं स्वतःचं नाव. अफझलखानाच्या वधावरचा अज्ञानदासाचा पोवाडा आणि सिंहगडावरचा तुळशीदासाचा, हे दोन आधी घ्यावेत. पण क्रम महत्त्वाचा: आधी ऐकणं, मग वाचणं. नुसतं छापील वाचलं तर झील कुठे पडते ते कळत नाही आणि ध्रुपद कंटाळवाणी पुनरुक्ती वाटतं. शाळेत शिकवणाऱ्यांना, पोवाडा बसवणाऱ्यांना ही वाट सोयीची. परीक्षेला मात्र ती एकटी पुरत नाही, कारण या संज्ञा रचनेच्या आणि सादरीकरणाच्या आहेत. भावाचं विश्लेषण त्यांनी होत नाही.

तिसरी वाट फारशी कुणी सुचवत नाही, आणि तीच आम्हांला सर्वांत फलदायी वाटते. ब्रजभाषेतला कवी भूषण याचं ‘शिवराजभूषण’ (1673) हा मुळात अलंकारग्रंथ आहे. आधी अलंकाराचं लक्षण, मग उदाहरण, आणि उदाहरणं शिवाजी महाराजांच्या पराक्रमाची. ‘इंद्र जिमि जंभ पर’ गाणं म्हणून पाठ असलेल्या किती जणांना ठाऊक असतं की ते मालोपमेचं उदाहरण आहे? उपमेय एक, उपमानं इंद्रापासून कान्हापर्यंत अकरा. ‘जिमि’, ‘ज्यों’ आणि ‘त्यों’ हे साधर्म्यवाचक शब्द. हा छंद कागदावर उतरवून उपमानांखाली रेघ मारत गेलं की पंधरा मिनिटांत मालोपमा पक्की होते. आपल्या शालेय पुस्तकांत अतिशयोक्ती म्हटलं की दमडीचं तेलच येतं. मग तीच अतिशयोक्ती रणवर्णनात गंभीरपणे आली की विद्यार्थ्याला ती खोटेपणा वाटते. भूषण वाचला की हा गैरसमज जातो. अडचण एकच, ब्रजभाषा. सटीप आवृत्तीशिवाय हात घालू नये, आणि सगळे अलंकार एकदम घेऊ नयेत. उपमा, मालोपमा, रूपक, उत्प्रेक्षा, अतिशयोक्ती, अनन्वय एवढे सहा आधी पुरेत.

होमरचं काय? ‘इलियड’मधली कलादेवतेची आळवणी, ठरावीक विशेषणं, दुसऱ्या सर्गातली जहाजांची यादी हे तौलनिक अभ्यासाला उपयोगी. पोवाड्यात सरदारांच्या नावांची रांग लागते तेव्हा ही यादी आठवावी. पण सुरुवात तिथून करू नये.

वाट कोणतीही असो, वहीत चार रकाने आखावेत: संज्ञा, ओळखण्याची खूण, प्रत्यक्ष ओळ, आणि शेजारची संज्ञा इथे का नाही. चौथा रकाना बहुतेक जण गाळतात. उदाहरणार्थ ‘झाले बहु, होतील बहु, आहेतही बहु, परंतु यासम हा’ पुढे ‘अनन्वय’ लिहून थांबू नये. ‘सम’ शब्द आहे, मग उपमा का नाही? कारण उपमेयाला त्याचीच उपमा दिली आहे, दुसरं उपमान नाहीच. आठवड्याला पाच-सहा संज्ञा आणि प्रत्येकीला वेगवेगळ्या रचनांतल्या तीन ओळी, याहून जास्त वेग ठेवला की चौथा रकाना कोरा पडू लागतो.